साखळीला बांधलेला पेला

जुन्या लाकडात मुरलेल्या बिअरचा वास आला की मला एक जर्मन खेडं आठवतं. काल वोल्फ्सबुर्गमध्ये ऑफिसच्या पार्टीत तो आला आणि वीसेक वर्षांपूर्वीचं ते गाव डोळ्यांसमोर उभं राहिलं.

चर्चला खेटून एक जुनं गास्टहाउस होतं, सगळं गाव बिअर प्यायला जमायचं ते. माझा सहकारी समीर पुण्याहून आलेल्या आईला गाव दाखवायला निघाला होता, सोबत मलाही घेतलं. दाराशी भिंतीला साखळीने बांधलेला एक काळपट पेला होता. मालक कौतुकाने सांगू लागला, हा गावातली मेलेली जनावरं ओढून नेणाऱ्याचा. त्याने दारातच प्यायचं, चर्चमध्ये सगळ्यांच्या मागे बसायचं. त्याच्या पेल्याला दुसरं कुणी शिवत नसे.

समीरने मराठीत सांगितलं तशा काकू शहारल्या. "शी, माणसाला असं वागवायचं? काय लोक तरी."

माझे आजोबा ढोरंच ओढायचे. ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग चर्चच्या पायऱ्यांवर काकूंनी चहाचा थर्मास उघडला. समीरला आणि स्वतःला स्टीलचे पेले घेतले. माझ्यासाठी पिशवीतून कागदी कप काढला. "तुझ्यासाठी आठवणीने आणलाय हं."

"थँक्यू, काकू," मी म्हणालो. तेव्हा मला ती माया वाटली होती.

त्या गावाने निदान तो पेला भिंतीवर ठेवलाय. माझा कप काकूंनी दोन बोटांच्या चिमटीत धरून तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.