तनुजाची दसऱ्याची फेरी

धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीचा दसरा. झेंडूचा हार घातलेली स्कूटी अंगणात उभी आहे. पूजा झाली की गाडी एक फेरी मारून आणायची, ही आमची रीत. पण नात तनुजा महिन्यापूर्वी गाडीवरून पडली. मेंदूला हादरा बसलाय. चावी माझ्या कनवटीला आहे आणि ती सकाळपासून माझ्याशी बोलत नाही.

जेवून मी चटईवर कलंडते. डोळा लागतो न लागतो, तोच खालची फरशी थरथरायला लागते. मी एसटीत आहे. स्टिअरिंगवर खाकी कपड्यातले आमचे हे.

"अहो, ही गाडी कुठली?"

"बोर्ड वाच."

"बार्शी."

"वाचायला कधी शिकलीस?"

"तुम्ही गेल्यावर. सुनेनं शिकवलं."

"मी होतो तेव्हा मलाच वाचायला लावायचीस."

"तेवढंच बोलणं व्हायचं."

ते हसतात. खिडकीबाहेर आमची चुलीची भिंत सरकत जाते, मग तनुजाचं कॉलेज. मागच्या सीटवर तनुजाच बसली आहे, कपाळ गार दांड्याला टेकवून.

"पोरगी म्हणते, मी बरी आहे. देऊ का चावी?"

"दिवा लावला की डोळे मिटते का?"

"मिटते."

"वळून मागं बघितलं तर?"

"तोल जातो. भिंत धरते. एक पान वाचलं की कपाळ दाबत बसते. पण ती म्हणते..."

"ड्रायव्हरचं काय ऐकतेस? जन्मभर गाडी चालवली, पण कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय हलवली नाही. मागचं दार ड्रायव्हरला दिसत नाही. कंडक्टरला दिसतं."

"मी दमलेय हो. मुलगा-सून पुण्यात. सून फोनवर म्हणते, तुम्हीच ठरवा. आणि ही तोंड फिरवून बसलीय."

"कंडक्टरशी कोण गोड बोलतं?"

डोक्यावरून घंटीची दोरी गेली आहे. मी हात वर करून ती घट्ट धरते आणि ओढते. एकदाच. गाडी थांबते. ते इंजिन बंद करतात.

जाग येते. पदर दोरीसारखा पिळून मी मुठीत धरला आहे. तळहातावर त्याचा लाल वळ उठलाय. दारात तनुजा, वेणी घालून तयार.

"आजी, चावी."

"डोकं दुखायचं थांबू दे, अभ्यास जमू दे. मग डॉक्टर तपासून हो म्हणाले, की देते."

"आणि आजची फेरी?"

"ढकलत नेऊ. देवळापर्यंत."

"लोक हसतील."

"हसू देत."

ती अंगणात उतरते. मग हँडल धरते. मी मागून ढकलते. तळहात चुरचुरतो.

माझे यजमान विश्वंभर क्षीरसागर, एसटीचे ड्रायव्हर, तनुजा दुसरीत असताना माघ महिन्यात वारले.