माडाखालचं पिंप

न्हाणीतून करवंटीच्या जाळाचा वास आला की मला ती सकाळ आठवते. करवंट्यांचा कोळसा करून विकायचा म्हणून नवऱ्याने माडाखाली लोखंडी पिंप मांडलं होतं. त्यासाठी न्हाणीत जळणाऱ्या करवंट्या आम्ही उन्हाळाभर राखून ठेवल्या, आणि सासूबाई माडाच्या ओलसर चुडतांवर, म्हणजे झावळ्यांवर, पाणी तापवत, खोकत राहिल्या. त्या सकाळच्या आदल्या दिवशी पिंप पेटवलं, धूर पातळ झाला तसं झाकण ठेवून कडेने ओली माती लिंपली, कारण आत वारा शिरला की कोळशाची राख होते. सकाळी निवलेलं पिंप उघडायला गेलो तर मातीला चीर गेलेली, आणि आत नुसती पांढरी राख. नवरा तिथेच उकिडवा बसला. "परत भरया?" मी विचारलं. पुढच्या खेपेला ठेवलेलं करवंट्यांचं शेवटचं पोतं सासूबाईंनी ओढत न्हाणीत नेलं. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, "पाणी तापला हा, आधी न्हावन घेवा." काजळी धुताना माझं चुलीकडे लक्ष गेलं. तिथेही राखच होत होती, पण पाणी चांगलं कढत होतं. ते पिंप अजून माडाखालीच आहे. सासूबाई त्यात न्हाणीसाठी करवंट्या साठवतात.