बंदीतली हजामत

"घरात समदी धड हायती न्हवं?"

धोपटी खांद्यावरून उतरवायच्या आधी ते हे विचारायचे. वस्तरा, कात्री, पितळी वाटी असा सगळा संसार त्या चामडी पिशवीत असे, आणि उत्तर आल्याशिवाय तिची दोरी सुटत नसे. आम्हाला त्याचं हसू यायचं. दर आठ दिवसांनी येणारा माणूस, त्याच ओट्यावर, त्याच घरात, तेच विचारतो.

नाव लिहीत नाही. गाव त्यांना तात्या म्हणायचं. पवना नदीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे पिंपरीचा माळ. त्या माळावर तेव्हा नुकते कारखाने उभे राहायला लागले होते. मी बावीस वर्षांचा, ग्रामपंचायतीत कारकून. माझं जावळ तात्यांनीच काढलं होतं. त्यामुळे मी चावडीवर टेबलाशी बसायला लागलो तेव्हा त्यांनी मला 'कारकून सायेब' म्हणायला सुरुवात केली, पण दाढी करताना हनुवटी पकडून तोंड फिरवायचे ते पाच वर्षांच्या पोराचं फिरवावं तसंच.

त्यांच्याकडे साबण नसे. वाटीतलं पाणी आणि अंगठा. तो अंगठा गालावर इतका वेळ फिरे की डोळे मिटायला लागत. "साबनानं नुसता फेस व्हतो," ते म्हणायचे, "दाढी मऊ व्हती ती बोलन्यानं." आणि बोलत राहायचे.

एका लग्नात नवरदेव पाटावर बसला, वाजंत्री सुरू झाली, आणि तात्यांनी धोपटी खांद्यावर ठेवूनच तो प्रश्न विचारला. नवरदेवाचा चुलता चिडला. "अहो, लग्नघर आहे हे!"

"लग्नघर हाय म्हनूनच इचारतो. दोनशे मानूस जेवनार न्हवं?"

शेवटी आतून कुणीतरी कबूल केलं की एका पोराला गालगुंड झालंय. तात्यांनी नवरदेवाला हाताला धरून उठवलं आणि शेजारच्या ओट्यावर नेऊन त्याची दाढी केली. वाजंत्रीवालेही मागोमाग तिकडे गेले. वऱ्हाड पुढे चार दिवस हसत होतं.

त्या प्रश्नामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही माझी पाठ त्यांच्याकडे असताना, मानेवरचे केस काढता काढता. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत त्यांचे वडील गावाची हजामत करत राहिले. गाव म्हणालं नको, ते म्हणाले हातावर पोट आहे. साथ त्यांच्या हातावरून घरी आली. आई आणि दोन बहिणी गेल्या. वडील मात्र जगले. "पुढं पंधरा वरसं जगला," तात्या म्हणाले. "पर कुनाशी बोलायचा न्हाई. न्हावी, आन् बोलत न्हाई. कोन येनार त्याच्याकडं?"

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. त्या वर्षी पेरण्या तोंडावर असताना तापाची साथ आली. वर्तमानपत्रात तिचं नाव इन्फ्लुएन्झा होतं, ती म्हणे साऱ्या जगभर फिरत होती. पुण्यात आली, मग पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात आली. आमच्याकडे जाणत्यांनी 'मानमोडी' हा शब्द काढला आणि गाव गप्प झालं. चावडीवर बैठक भरली. आठवड्याचा बाजार बंद, चहाचं हॉटेल बंद, आणि घरोघर फिरून होणारी कामं बंद.

"तात्या, तुझं काम पहिलं बंद," सरपंच म्हणाले.

"माझंच पहिलं का वो? नांगर धरल्यानं साथ येत न्हाई, आन् वस्तरा धरल्यानं येती व्हय?"

"नांगर काय वीस घरं फिरतो का? तुझा अंगठा सकाळपासनं वीस गालांवरनं फिरतो, राव!"

चावडी हसली. तात्या हसले नाहीत. थोडा वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "खरं हाय. माझं बंदच ठेवा. पर हातावरल्या पोटाला बी एक नोटीस लावा, म्हंजी ते बी बंद ऱ्हाईल."

सरपंचांनी शब्द दिला की ज्यांचं काम बंद होईल त्यांना पंचायतीकडून धान्य मिळेल. नोटीस मी लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं.

धान्य एक आठवडा गेलं. पुढच्या आठवड्यात सरपंच विसरले. त्यांना आठवण करून देणं माझं काम होतं. आज करू, उद्या करू असं म्हणत मी ते केलं नाही. मोठ्या माणसाला दोनदा सांगायचं कसं, असं मला वाटत होतं. खरं तर एकदाही सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांत गावाची कळा बदलली. जिकडे पाहावं तिकडे दाढ्या. पारावर चार माणसं बसली की गोसाव्यांचा तळ पडल्यासारखं दिसे. तात्या आपल्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघत. "पाटील, डाव्या गालाला पीक झकास आलंया. उजवीकडं पेरनी इरळ झाली." पाटील म्हणायचे, "मग घे की कापणीला!" तात्या दोन्ही हात वर करायचे. शिंपी दार लावून घरात मशीन चालवायचा. खडखड साऱ्या आळीला ऐकू यायची, कुणी काही म्हणायचं नाही. मी एकदा तात्यांना म्हटलं, त्याचं बघा कसं चाललंय. ते म्हणाले, "मशीनीला खोकला येत न्हाई, कारकून सायेब. ज्याचं त्यानं बघावं."

बंदी सगळ्यात कडक कुणी पाळली असेल तर त्यांनी. आणि ती मोडायला लावली मी.

पिंपरीच्या एका कारखान्यातून मला मुलाखतीचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं होतं. तोंडावर तीन आठवड्यांची दाढी. सकाळी लवकर निघून कॅम्पातल्या दुकानात ती करता आली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण अनोळखी हाताखाली मान द्यायची, वेळ झाला तर, कापलं तर, असं काय काय मनात आलं. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी तात्यांच्या घरी गेलो.

"कॅम्पात जावा की," ते म्हणाले. "तितं खुर्ची हाय, आरसा हाय. वासाचं पानी बी मारत्यात."

"तुमच्या हाताची सवय आहे, तात्या."

"बंदी हाय."

"बंदीचा कागद मीच लिहिलाय. मी सांगतोय ना!"

काकी, तात्यांची बायको, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कारकून सायेबच म्हनत्यात तर जावा की वो. हितं बसून सवताचीच नखं कापताय. आता कापाया नखं बी ऱ्हायली न्हाईत." तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या धोपटीकडे पाहिलं.

आमच्या परसात जांभळाखाली मी पाट टाकला. ते उभेच राहिले.

"घरात समदी धड हायती न्हवं?"

माझी पाच वर्षांची पुतणी सकाळपासून तापाने फणफणली होती. वहिनी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून आत बसली होती. मधे एक भिंत.

"हो," मी म्हणालो. "सगळी धड आहेत."

असं खोटं बोलायला जड जाईल, जीभ अडखळेल, असं तुम्हाला वाटत असेल. मला काही जड गेलं नाही.

दोरी सुटली. अंगठा फिरायला लागला. अर्धा गाल झाला असेल, तेवढ्यात आत पोर खोकली. मी मोठ्याने बोलायला लागलो, मुलाखतीत काय विचारतील, पगार काय देतील. तात्या म्हणाले, "बोलू नका. वस्तरा गालाव हाय." बाकीची दाढी त्यांनी एक शब्द न बोलता केली. माझ्या माहितीत ती त्यांची एकमेव मुकी दाढी.

नोकरी मिळाली. पुतणी तीन दिवसांत उठून खेळायला लागली. पाचव्या दिवशी तात्यांच्या घरी काकी पडल्या. ताप छातीत उतरला आणि आठवड्यात त्या गेल्या. त्यांच्या आळीत आणखी तीन घरांत ताप शिरला.

तो ताप माझ्याच परसातून तिकडे गेला, असं कोणता डॉक्टर शपथेवर सांगेल? साथ होती, कुठूनही आली असती. पहिली काही वर्षं मी या वाक्यावर काढली.

कुणीतरी तात्यांना त्या दुपारी धोपटी घेऊन जाताना पाहिलं होतं. चावडीवर बोलावणं झालं. काकींना जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील. नोकरीवर रुजू व्हायला मला थोडा अवकाश होता, म्हणून टेबलाशी मीच. माझे गाल गुळगुळीत होते; त्या दुपारनंतर मी दर आठवड्याला कॅम्पात जाऊन दाढी करून येत होतो. साऱ्या दाढीवाल्या गावात एकटाच मी तसा, पण मला कुणी काही विचारलं नाही. मुलाखतीपासून कॅम्पातच करून घेत असेल, एवढंच सगळ्यांना वाटलं.

"बंदी मोडलीस?" सरपंचांनी विचारलं.

"मोडली."

"कुणाच्या घरी गेला होतास?"

तात्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

"अरे, सांग की! तो बी तेवढाच गुन्हेगार. निम्मं तुझ्यावरनं उतरंल."

"त्यानं काय मला उचलून न्हेलं न्हाई. पाय माझंच व्हतं."

"बायको गेली तरी खोड जात न्हाई याची," मागून कुणीतरी म्हणालं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा जरी पाहिलं असतं तरी मी उठून उभा राहिलो असतो, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. मी खाली मान घालून लिहीत होतो. 'नाव सांगण्यास नकार दिला.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

गावाने त्यांचं काम काढून घेतलं. चऱ्होलीहून दुसरा माणूस आणला. ज्या घरांची चार पिढ्यांची जावळं त्यांच्या घराण्याने काढली, त्या घरांचे ओटे त्यांना बंद झाले. ते मारुंजीला मेहुण्याकडे गेले. जाताना पाहायला मी थांबलो नाही. तेव्हा मी कारखान्यात फाटकाशी कामगारांची हजेरी घेत होतो.

दोन वर्षांनी एका सुट्टीच्या दिवशी मी सायकल काढून मारुंजीला गेलो. देवळाच्या पारावर ते दाढी करत बसले होते. आणखी दोघे थांबले होते. मी त्यांच्यामागे बसलो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी "बसा" म्हटलं, परक्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. अंगठा फिरायला लागला. तो तोच होता.

"तात्या, त्या दिवशी घरात पोर तापली होती."

"मान हलवू नका."

"मी खोटं बोललो."

वस्तरा कानापाशी थांबला, मग खाली आला. त्यांनी तो वाटीतल्या पाण्यात बुडवला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ठावं हाय. खोकला ऐकला की म्या."

"मग तेव्हाच उठला का नाहीत?"

"तीन आठवडं हातात कुनाचा गाल न्हवता आला. खोकला ऐकला, आन् मनाला म्हनलं, धुरानं ठसकली आसंल. तुमी खोटं बोललासा, म्या ते खरं करून घेतलं. बापाला जल्मभर नावं ठेवली मी. त्याला बी आसंच कुनीतरी म्हनलं आसंल, समदी धड हायती."

"मी पंचायतीत जाऊन सांगतो. सगळ्यांदेखत."

"सांगा की." त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवलं. "मला कशापायी इचारताय?"

मला त्यांनी सोडलं नाही, धरूनही ठेवलं नाही. वाटी धुतली आणि पुढच्या माणसाला बसा म्हणाले. परतीच्या वाटेवर मी ठरवलं, येत्या ग्रामसभेत उभं राहायचं. त्या ग्रामसभेला माझी शिफ्ट आली. पुढच्या सभेला सरपंच आजारी होते, त्यांना त्रास कशाला द्या. त्यानंतर सभा कधी झाली याची मी चौकशीच केली नाही. तात्या वारल्याचा निरोप मारुंजीहून आला तेव्हा मी कामावर होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती.

आता मी पन्नाशीत आहे. काकी, पारावरची ती दाढी, सगळं मागे पडलंय. गावच्या शेतांतून आता कारखान्यांच्या बसगाड्या जातात. परवा एका बारशाला सरपंचांचा मुलगा भेटला. तोही आता सरपंच आहे. चहा चालला होता आणि तो पाहुण्यांना जुनं गाव सांगत होता. "आमच्याकडं एक न्हावी होता बघा. साथीत बंदी असताना गुपचूप दाढ्या करत फिरला आन् घरोघर ताप वाटला. सवताची बायको गेली, तरी कुणाकडं गेला ते सांगितलं न्हाई. असला हट्टी!"

पाहुणे हळहळले. कुणीतरी म्हणालं, पोटासाठी माणूस काय काय करतो.

"काका, तुम्ही तर तवा पंचायतीतच होता न्हवं?" त्याने मला विचारलं.

"होतो," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बशीत चहा ओतला. "फार जुनी गोष्ट आहे ती."