डिंपलच्या नकला

नागभीडजवळच्या आमच्या गावात डिंपल बोलायला शिकली तीच दुसऱ्यांच्या आवाजात. तिचे वडील देवानंद तलावात मासे धरतात, आई गोकुळा धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाते. एवढीशी असताना ती दाराशी येऊन वडिलांसारखी खाकरायची आणि आई आतून विचारायची, "आले काय?" मग घरात हसून पुरेवाट व्हायची. शाळेत गेल्यावर सगळं गावच तिच्या तावडीत सापडलं. फोनवर बोलता बोलता गोल फिरणारे सरपंच, बकरीला शिव्या देताना मध्येच देवाचं नाव घेणारी सुकरीआजी, कुणीच सुटलं नाही.

सगळ्यांत गाजलेली नक्कल केसरबाईची. केसरबाई बाजारात मासोळ्या विकते. मान डावीकडे कललेली आणि आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचणारा. डिंपलने मान वाकडी करून "घेतं तं घे, नाई तं वाट सोड" म्हटलं की पोरं लोळायची.

आठवीत असताना अश्वजित सरांनी तिला गॅदरिंगमध्ये घेतलं. म्हणाले, "केसरबाईच कर. पण ती समोरच बसलेली असेल, हे लक्षात ठेव."

नक्कल इतकी पक्की व्हायला हवी की केसरबाईला नाव ठेवायला जागा उरू नये, असं तिने ठरवलं आणि बाजाराच्या दिवशी सकाळीच तिच्या दारात उभी राहिली.

"केसरबाई, मी येऊ काय तुमच्यासंगं?"

"काऊन वं? शाळा सोडून मासोळ्या इकतं काय?"

"सुट्टी हाय. टोपली उचलू लागन."

"चाल मंग."

ऑटोतून उतरल्यावर टोपली डिंपलच्या डोक्यावर आली. चार पावलं गेली नाहीत तोच मासोळ्यांचं पाणी कपाळावरून डोळ्यांत गळायला लागलं. तिने टोपली जराशी कलती केली, पाणी खांद्यावरून जाऊ लागलं, आणि मान आपोआप डावीकडे गेली. केसरबाईची मान अशी का, हे इतक्या वर्षांत तिच्या मनातही आलं नव्हतं. आता तिची स्वतःचीच मान तशी झाली होती. तिला हसू फुटलं.

दुकान मांडलं. समोरच कपडे विकणाऱ्याचा भोंगा केकाटत होता, त्यामुळे केसरबाई ओरडली नसती तर तिची मासोळी कुणाला दिसलीच नसती. पण तिच्याकडे तो एकच आवाज नव्हता. एक नवी सून बिचकत आली तेव्हा केसरबाई इतकी हळू बोलली की डिंपलला पुढे वाकून ऐकावं लागलं. "हळद-मीठ लावून ठेवजो, बाई. पयल्या डावाले बिघडन. बिघडू दे." हॉटेलवाल्याशी ती मालकिणीसारखी ताठ बोलली. आणि शेजारी भाजी विकणारी कमला आली तशी दोघी टाळ्या देऊन खिदळू लागल्या, अगदी डिंपलच्या वर्गातल्या पोरींसारख्या.

परतताना ऑटोत केसरबाईने विषय काढला. "गावात मायी नक्कल करतं मनते. कर बरं."

डिंपल म्हणाली, "आज नाई जमत, बाई. तुमी तं एक नाईच हाव. कोनती करू?"

केसरबाई खूप हसली. "मंग थांब, मी तुयी करून दाखवीन." तिने पदर तोंडावर ओढला, नजर पायांकडे लावली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटली, "मी... डिंपल."

ऑटोतली सगळी हसली. डिंपलला स्वतःला ओळखायला जरा वेळ लागला.

"असी बोलून राह्यली मी?"

"आपल्या आवाजात बोलतं तवा असी. दुसऱ्याच्या आवाजात बोलतं तवा वाघीन. तोंड कायले झाकतं?"

"दात पुढं हाय."

"हाय तं खरं. माये तं अर्धे हाईच नाई," असं म्हणून केसरबाईने तोंड उघडून दाखवलं. मग डिंपलही हसली, तोंडाला हात न लावता. हात खाली ठेवायचा तर तो कुठे ठेवायचा, हेच तिला पुढचे काही दिवस सुचेना.

गॅदरिंगला ती पुढे आली आणि आधी आपल्याच आवाजात म्हणाली, "मी डिंपल. देवानंद अन गोकुळाची पोर." मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग तिने अख्खा बाजार उभा केला. आरडाओरड्याला लोक हसले, नव्या सुनेपाशी गप्प झाले, कमला आली तसे पुन्हा हसले.

"टाळी जोरात देत असतो आमी," केसरबाई पुढच्या रांगेतून म्हणाली.

"मंग या इथी, देऊन दाखवा," डिंपल म्हणाली.

आणि केसरबाई खरंच पदर खोचून स्टेजवर चढली. दोघींनी दिलेली टाळी इतकी दणक्यात वाजली की माइकवाला घाबरला.

डिंपल आता नागभीडला अकरावीत आहे आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, एका नाटक मंडळीत छोटी छोटी कामं करते. जे माणूस करायचं त्याचं काम आधी करून पाहायचं, ही तिची रीत. सध्या ती आईला शिकते आहे. रोवणीला तिच्या मागोमाग चिखलात वाकते, कंबर भरून आली की उभी राहून आईच्या पाठीकडे बघते.

"पाऊन काय राह्यली? रोव," गोकुळा मान वर न करता म्हणते.

डिंपल हसत हसत पुन्हा वाकते.