अबू रिबहीची जीभ

नाब्लुसच्या जुन्या शहरात हाज सुब्हींचा साबणखाना आहे. मालक हाज सुब्ही, पण कढईपुढे मालकाला कोण विचारतो? तिथे अठ्ठावीस वर्षं एकट्या अबू रिबहीचा शब्द चालत आला होता, आणि तो चालायचा त्याच्या जिभेमुळे.

ऑलिव्हचं तेल, पाणी आणि कातडी भाजणारा सोड्याचा खार. एवढंच जमिनीत बसवलेल्या कढईत टाकायचं आणि पाच दिवस शिजवायचं. शिजलं की नाही हे ठरवायला तिथे यंत्रबिंत्र काही नाही. कढईचा जो मुख्य, ज्याला रय्यिस म्हणतात, तो लांब काठीच्या टोकावर चिमूटभर लगदा घेतो, फुंकून निववतो आणि जिभेला लावतो. खार मोकळा राहिला असेल तर जीभ चरचरते. चरचरली नाही की झालं. मग हमाल बादल्या खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर जातात आणि सगळा साबण फरशीवर ओततात. रय्यिसनं चाखल्यावर त्याच कढईला दुसऱ्यानं जीभ लावायची नाही, असा तिथला दंडक. लावली, तर चारचौघांत रय्यिसच्या थोबाडीत मारल्यासारखं होतं.

अबू रिबहीला खार लागला की त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. सगळे त्या डोळ्याकडे बघत. डोळा बारीक झाला की हमाल खाली बसून पुन्हा सिगारेटी पेटवत.

आणि त्या साली ऑलिव्ह तोडायच्या दिवसांत त्याला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना जीभ घेऊन गेला. बायकोनं, इनायानं, लिंबू पिळून दिलं, कळलं नाही. त्यानं हिरवी मिरची चावली, डोळ्यांतून पाणी आलं नाही. कच्चा कांदा खाल्ला, तो नुसता कुरकुरीत लागला. डॉक्टर म्हणाला, येईल परत, वेळ लागेल. किती? ते त्यालाही माहीत नव्हतं.

"हाजींना सांगून टाका," इनाया म्हणाली.

"काय सांगू? रय्यिसची जीभ गेली? मग मी तिथे काय करू, झाडू मारू?"

"मारा. झाडू मारून कुणी मेलं नाही."

तो चिडून उठून गेला. हंगामाची पहिली कढई चढायला अजून वेळ होता, तोवर जीभ परत येईल अशी त्याला आशा होती. आशा करायला काही लागत नाही, म्हणून माणूस ती वाट्टेल तेवढी करतो. सहा आठवडे गेले. जीभ आली नाही. कढई मात्र चढली.

आणि ती कढई साधीसुधी नव्हती. रामल्लाहून रवान नावाची एक बाई आली होती. तिचं छोटं दुकान होतं, कोरड्या आणि नाजूक कातडीच्या लोकांसाठी साबण-तेलं विकायचं. तिच्या स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीची कातडी हिवाळ्यात फाटायची, कोपरांच्या आतून रक्त यायचं. महागड्या मलमांनी पोर किंचाळायची. रवानला हवा होता वास नसलेला, रंग नसलेला, जनावराचा अंश नसलेला साबण. ही कढई सगळी तिचीच.

"वीगन हवाय मला, हाजी," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "चरबीचा थेंब नको."

"बाई, बकरी आमच्या ताटात असते, कढईत नाही," हाज सुब्ही म्हणाले. "आणि खाली जळतं काय, माहितीय? तेल काढून उरलेल्या ऑलिव्हच्या बिया. आमच्याकडे काहीच वाया जात नाही. तुम्ही शहरातले लोक आता त्याला काहीतरी नाव देता, माझा आजा त्याला काटकसर म्हणायचा."

रवान हसली. मग अबू रिबहीकडे वळून म्हणाली, "काका, खार जराही राहायला नको हं. जरासुद्धा. माझ्या पोरीला सोसायचं नाही."

"राहणार नाही," अबू रिबही म्हणाला.

चौथ्या दिवशी त्यानं काठी जिभेला लावली. काहीच नाही. ना चरचर, ना चव, नुसतं कोमट. त्यानं डावा डोळा बारीक केला. घरी आरशासमोर त्यानं तो चक्क घोटून घोटून बसवला होता, नव्या नवरीनं लाजणं बसवावं तसा. "अजून एक दिवस," तो म्हणाला. हमाल खाली बसले. कुणालाही काही कळलं नाही. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ते सोपं होतं याचीच त्याला भीती वाटली.

खरी पंचाईत वेगळीच होती. दिवस मोजून अंदाज बांधता आला असता, पण त्या साली बियांचा ढीग पावसात भिजला होता. जाळ नीट धरत नव्हता. पाच दिवसांचा साबण पाचच दिवसांत होईल याची खात्री नव्हती. लगद्याचा रंग ठीक दिसत होता. काठीवरून तो पडत होता, तोही ठीक. पण ठीक आणि झालं यांत जे अंतर असतं, ते त्याला आयुष्यभर फक्त जिभेनं कळलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी रवान पुन्हा आली. वाटेतल्या लष्करी चौकीवर दोन तास अडकून आली होती, पण चेहऱ्यावर उत्साह. हाज सुब्हींनी तिला वेलदोड्याची कॉफी दिली. सहा हमाल बादल्या घेऊन उभे. अबू रिबहीचा मदतनीस यह्या, चाळिशीचा माणूस, पंधरा वर्षं त्याच्या हाताखाली कढई ढवळणारा, त्यानं काठी पुढे केली.

अबू रिबहीनं फुंकलं. जिभेला लावलं. सगळे त्याच्या डोळ्याकडे बघत होते. कढई बुडबुडत होती. अजून एक दिवस म्हणावं? मग उद्या? उद्या तरी काय कळणार होतं? परवा? हमाल कुजबुजायला लागतील. म्हातारा झाला, म्हणतील.

त्यानं दोन्ही डोळे उघडे ठेवले.

"झालं," तो म्हणाला.

बादल्या भरायला लागल्या. पहिला हमाल दगडी जिन्याला लागला, त्याच्यामागे दुसरा. त्या दुसऱ्याच्या बादलीतून थोडा लगदा पायरीवर सांडला. रवान तिथेच उभी होती. तिनं कॉफीचा पेला पायरीवर ठेवला, पर्समधून कागद काढला, लगदा उचलला, फुंकून निववला. मग बाही वर सारली. कोपराच्या आत तिचीही कातडी लाल, चिरलेली होती. लेकीला आईकडूनच मिळालं होतं ते.

"पोरीला लावायच्या आधी मी नेहमी स्वतःला लावून बघते," ती हाज सुब्हींना म्हणाली आणि बोट लगद्यात बुडवलं.

अबू रिबही धावला. त्या वयाच्या माणसानं ओल्या फरशीवर धावू नये. त्यानं तिचं मनगट धरलं, इतक्या जोरात की पायरीवरचा पेला धक्क्यानं खाली पडून फुटला. परक्या बाईचा हात त्यानं उभ्या जन्मात धरला नव्हता.

"नको. लावू नको, पोरी."

"काका?"

"मला माहीत नाही ते शिजलंय की नाही."

हाज सुब्ही उठून उभे राहिले. "काय म्हणालास?"

"सहा आठवडे माझ्या जिभेला काही कळत नाही, हाजी. तापानंतर गेली ती गेलीच. कालचा डोळाही खोटा होता."

जिन्यावरचे हमाल बादल्या खांद्यावर तशाच ठेवून थांबले. रवाननं हात सोडवून घेतला आणि ती पांढरीफटक पडली.

"मी हे माझ्या लेकीच्या अंगाला लावणार होते," ती म्हणाली. मग ओरडून, "लेकीच्या अंगाला! आणि तुम्ही मला सांगितलंत राहणार नाही म्हणून!"

लाज काय असते हे त्याला त्या क्षणी नीट कळलं.

"माझ्या बापाचं नाव उमटवतो मी त्या वडीवर," हाज सुब्हींचा आवाज फुटत होता. "तुझ्या तोंडाकडे बघून उमटवतो!"

अबू रिबहीनं काठी उचलली. ती यह्यासमोर धरली.

"चाख."

यह्या मागे सरला. "मी? तुमच्यासमोर? उस्ताद, नाही जमणार मला."

"चाख म्हणतो ना, गाढवा!"

यह्यानं चाखलं. त्याचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं, तो खोकला आणि बाजूला थुंकला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "कच्चा आहे. खूप कच्चा आहे."

बादल्या पुन्हा कढईत रिकाम्या झाल्या. हाज सुब्ही दारातून निघून गेले, मागे वळून पाहिलं नाही. रवाननं पर्स उचलली. "मी उद्या येईन," ती म्हणाली. "घेईनच असं नाही." अबू रिबहीनं स्वतः गोदामाच्या तळातल्या कोरड्या बिया शोधून काढल्या आणि संध्याकाळपर्यंत जाळाशी बसून राहिला. त्याला कुणी जा म्हणालं नाही, आणि थांब असंही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा जमले. हाज सुब्ही दूर खुर्चीवर. रवान जिन्यापाशी, हाताची घडी घालून. यह्यानं तीनदा चाखलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"झालं," तो हळूच म्हणाला.

कुणी हललं नाही. सहाच्या सहा हमाल अबू रिबहीकडे बघत होते. तो काही म्हणेल, निदान मान तरी हलवेल, याची वाट बघत. यह्याही बघत होता, आणि त्याची नजर अक्षरशः भीक मागत होती.

अबू रिबही उठला. एका हमालाच्या हातातली बादली त्यानं काढून घेतली. रय्यिस झाल्यापासून त्यानं बादलीला हात लावला नव्हता, ते खालच्या माणसांचं काम. त्यानं ती कढईत बुडवली, भरली, गुडघे टेकवून कशीबशी खांद्यावर चढवली.

"ऐकू आलं नाही का तुम्हाला?" तो हमालांना म्हणाला. "रय्यिस म्हणालेत झालं."

आणि तो जिना चढायला लागला.