हेडफोन काढल्यावर

देवीशी माझा अबोला होता, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. बाहेरून सगळं यथासांग चालू होतं. सकाळी अंघोळ, मग पूजा, दिवा, नैवेद्याला चिमूटभर साखर. पण हात चालायचे आणि मन जागच्या जागी बसून राहायचं. यजमान गेले तेव्हाही असं झालं नव्हतं. तेव्हा मी रडून, भांडून का होईना, तिच्याशी बोलत होते. हे कोरडेपण नंतरचं, बंगळूरचं. मुलाने नागपूरचं घर बंद केलं, मला येलहंक्याला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं, आणि वर्ष व्हायच्या आत त्याच्या कंपनीने त्याला सुनेसकट परदेशी धाडलं. थोडेच दिवस, असं तो म्हणाला. त्याचा दोष नाही, नोकरी आहे. पण चौथ्या मजल्यावर मी, देवघर आणि धुणं झालं की आपणहून गाणं वाजवणारं वॉशिंग मशीन, एवढेच उरलो. दिवसभरात तोंडातून निघणारे शब्द म्हणजे भाजीवाल्या अण्णाला 'स्वल्प कमी करा' आणि वॉचमनला 'सरी', म्हणजे 'बरं'. कधीकधी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज आपण कोणाशी एक वाक्यही मराठीत बोललेलो नाही. मुलाचा फोन रविवारी यायचा, तेव्हा मी 'मजेत आहे' म्हणायची.

नागपूरला आमचं बायकांचं भजनी मंडळ होतं. मी पुढे बसून ओळ म्हणायची, बाकीच्या ती उचलायच्या. ज्यांनी असं भजन केलेलं नाही त्यांना सांगते, पुढच्या बाईला वाटतं आपण गातोय, पण तिला गायला लावतात त्या मागच्या बायका. आपण ओळ टाकली की ती साऱ्यांच्या गळ्यातून परत येते, तेवढ्यात आपला श्वास होतो आणि पुढची ओळ आपोआप ओठावर येते. कोणीच उचललं नाही तर दुसऱ्या ओळीलाच घसा आवळतो. बंगळूरला देवापुढे बसून मी एक-दोनदा प्रयत्न केला होता. ओळ म्हटली, थांबले, फ्रीजची घरघर ऐकली आणि उठले.

अशात शालूताईचा फोन आला. ती आमच्या मंडळाची पेटीवाली, तोंडाने फटकळ, पण माझ्यावर जीव. "काय करून राहिली तू तिकडे?" तिने विचारलं. "एक भजन तरी भरून पाठव. नवरात्रात लावू. तुझ्यावाचून साऱ्या बेताल होऊन राहिल्या." मुलगा जाताना आपल्या जुन्या लॅपटॉपवर घरी रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर घालून गेला होता, सोबत माइक आणि हेडफोन. आईचा वेळ जाईल, हा हेतू. मी त्याला हातही लावला नव्हता. शालूताईला हो म्हणून बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवीसमोर उभी राहून मोठ्याने बोलले. म्हटलं, हे एक भजन भरते, ते शेवटचं. तू ऐकत असशील तर कळव. नाहीतर यापुढे गाणं नाही, आणि दिवाही नाही. साठी ओलांडलेल्या बाईने देवीला दम द्यावा याचं आज हसू येतं. तेव्हा मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं.

सॉफ्टवेअर शिकण्यात बरेच दिवस गेले. मोबाइलवर सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या मुलांचे व्हिडिओ बघून बघून शिकले. ती मुलं इतकी भरभर बोलतात, की प्रत्येक वाक्य मागे नेऊन ऐकावं लागे. हॉलमध्ये भरलं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायचा. बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर जवळच्या तळावरची वायुदलाची विमानं भजनात शिरायची. एकदा माझाच आवाज हेडफोनमधून मला किंचित उशिरा ऐकू येऊ लागला आणि मी ताल सोडतेय असं समजून दोन दिवस स्वतःला दूषणं देत बसले. नंतर कळलं, सेटिंगमध्ये एक आकडा कमी करायचा होता. शेवटी स्वयंपाकघराजवळची अडगळीची खोली पक्की केली. दारावर गोधडी टांगली, भिंतीला जुन्या साड्या लावल्या. वरची छोटी झरोक्यासारखी खिडकी मात्र उघडी ठेवावी लागे, नाहीतर आत जीव घुसमटायचा. ती इमारतीच्या डक्टमध्ये उघडते, जिथून सगळ्या मजल्यांचे पाइप जातात. विमानं तिथवर पोहोचत नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते.

भजन भरायचं तर मागे म्हणणाऱ्या हव्यात. त्या कुठून आणणार? मग मीच झाले. एका ट्रॅकवर नेहमीच्या आवाजात ध्रुपद, म्हणजे प्रत्येक ओळीनंतर मागच्यांनी म्हणायचं पालुपद, भरलं, दुसऱ्यावर जरा बारीक, तिसऱ्यावर जाड, एकावर मुद्दाम किंचित मागे पडून, आमच्या मंडळातल्या एक काकू पडतात तशी. असे सात-आठ ट्रॅक झाले. तालाला चिपळ्याही मीच. सगळं एकत्र लावून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मजा वाटली, दुसऱ्यांदा नाही. खोली भरून बायका होत्या आणि त्यातली प्रत्येक मीच होते. स्वर शुद्ध, ताल चोख, कोणी खोकत नव्हतं, कोणाच्या बांगड्या वाजत नव्हत्या. इतकं एकटं मला त्या रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं. मी हेडफोन तसेच कानावर ठेवून खूप वेळ रडले.

तरी शब्द दिला होता, म्हणून पुढचा आवाज भरायला घेतला. हेडफोनमध्ये माझ्याच त्या सात-आठ बायका, आणि माइकसमोर मी. ओळ म्हणायची, मग थांबायचं. थांबलेल्या वेळात कानात ध्रुपद वाजायचं, ते संपलं की पुढची ओळ. ते काही केल्या मनासारखं होईना. कधी आवाज फाटे, कधी शेवटच्या कडव्यात दम जाई. रोज दुपारी जेवण झालं की मी गोधडीमागे शिरायची आणि तेच भजन पहिल्यापासून म्हणायची. दोन-तीन आठवडे असे गेले असतील. एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातच आली नाही, की मागच्या बायका फक्त माझ्या कानात होत्या. बाहेर कोणी ऐकत असेल तर त्याला एका बाईचा आवाज ऐकू जात होता, जी हाक मारल्यासारखी एक ओळ म्हणते, मग गप्प होते, आणि तिला कोणीच काही उत्तर देत नाही.

एका दुपारी त्यातल्या त्यात बरं भरलं गेलं. मी शालूताईला कळवून टाकलं की उद्या पाठवते, आणि साफसफाईला बसले. माझ्या ट्रॅकवर ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत काहीतरी पुसट येत होतं. मला वाटलं, हेडफोनमधलंच ध्रुपद झिरपून माइकमध्ये शिरलंय, असं होतं म्हणे. त्यावर एक सोय असते. नको असलेल्या आवाजाचा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला दाखवायचा, की हा कचरा, असा जिथे सापडेल तिथून काढ. मी तसा तुकडा दाखवला. त्याने कचरा काढला, पण त्याबरोबर माझाही आवाज कुरतडला. ओळी अशा खरखरीत झाल्या की ऐकवेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन्ही आवाज त्याला सारखेच वाटत होते, एक ठेवून दुसरा काढणं त्याला जमत नव्हतं. वैतागून मी सगळं परत पूर्ववत केलं, बाकीचे ट्रॅक बंद केले आणि ती मोकळी जागा तेवढी मोठी करून ऐकली.

ते माझं ध्रुपद नव्हतं. शब्द तेच होते, पण आम्ही जिथे वर चढतो तिथे हा आवाज खाली उतरत होता, आणि ते उतरणं इतकं गोड होतं की मी आयुष्यात तसं म्हटलेलं नाही. म्हाताऱ्या बाईचा कापरा आवाज. पहिल्या ओळीनंतर नव्हता, दुसरीनंतर नुसता गुणगुणल्यासारखा, तिसऱ्या ओळीपासून मात्र स्पष्ट. खरं सांगते, मी देवघराच्या दिशेने बघितलं. मग उठून घरभर दिवे लावले, भर दुपारी.

पुन्हा त्या खोलीत जायचा धीर व्हायला थोडा वेळ लागला. गेले, पण या वेळी हेडफोन घातले नाहीत. लॅपटॉपही बंद ठेवला. उभ्याने पहिली ओळ म्हटली आणि थांबले. काही नाही. घसा आवळायला लागला, तेच जुनं. मनात म्हटलं, आई, आता तूच बघ. यात विनंती नव्हती, धमकीही नव्हती, मी दमले होते इतकंच. दुसरी ओळ म्हटली. आणि त्या वरच्या खिडकीतून, पाइपांच्या मधून, ध्रुपद आलं. सावकाश, पण सबंध, शेवटी खाली उतरणारं.

मी स्टुलावर चढले आणि विचारलं, "कोण आहे?"

"मी खालची," आवाज आला. "थांबू नका बाई. म्हणा तुमी."

मी म्हटलं. सगळं भजन म्हटलं, हुंदके देत देत, आणि तिने एकही ओळ सोडली नाही.

संध्याकाळी मी खालच्या मजल्यावर गेले. दार उघडलं ते पातळ नेसलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या एका आजींनी. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, मराठी फक्त घरात उरलेली. आता घरातही उरली नव्हती. मुलगा कन्नडात उत्तर देतो, नातवंडं इंग्रजीत, आणि दुपारी तर तेही कोणी नसतं. त्यांच्या माहेरी शनिवारी भजन व्हायचं, तिथेही पुढचा म्हणणार आणि घरची सगळी उचलणार, अशी रीत. हे भजनही त्या तिथेच शिकलेल्या, जरा वेगळ्या चालीत. मी त्यांना विचारलं, की अक्का, तुम्हाला इतके दिवस ऐकू येत असणार, मग आजच का म्हटलंत?

त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "रोज ऐकत होते बघा. वाटलं, घरात माणसं असतील, आज नाही तर उद्या कोणी उचलतील. तुमी म्हणता अन् गप बसता, म्हणता अन् गप बसता. कोणी उचलतच नाही. देवाचं नाव असं लोंबकळत ठेवू नये की. आज मला राहवेना, म्हटलं."

मग म्हणाल्या, "स्वल्प कॉफी घेता?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. देवी आली होती असं मी म्हणत नाही. एक म्हातारी बाई आली होती, तिला गुडघेदुखी होती आणि तिची कॉफी फार गोड होती. पण मी विचारलं होतं ऐकतेस का, आणि माझ्या खालच्याच मजल्यावर इतके दिवस कोणी ऐकत होतं. मी कानावर हेडफोन चढवून माझ्याच आवाजाला उत्तर मानत होते, म्हणून ते मला कळलं नाही. इतकंच नाही, ते उत्तर आलं तेव्हा मी त्याला कचरा म्हणून पुसायला बसले होते.

घरी येऊन मी ते सात-आठ ट्रॅक काढून टाकले. फक्त माझी ओळ आणि मागून येणाऱ्या अक्का, असं शालूताईला पाठवलं. भजन जरा पुसट होतं, शेवटी कोणाच्या तरी कुकरची शिट्टीही होती. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, छान आहे, पण तुझ्यासोबत ही कोण? मी म्हटलं, शेजारीण. बंगळूरला आल्यापासून तो शब्द मी पहिल्यांदा वापरला.

त्यानंतर रोज दुपारी आमचं भजन व्हायचं, मी वर, त्या खाली. कधी मी खाली जाऊन बसायची, पण अक्कांना डक्टमधूनच जास्त आवडे. समोर बसलं की लाज वाटते म्हणायच्या. थंडी संपता संपता त्यांच्या मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, आनेकलला घर घेतलं, त्याचा कारखाना तिकडे. सामान ट्रकमध्ये चढलं, अक्का गाडीत बसल्या, काच खाली करून माझा हात धरला आणि 'म्हणत जा' एवढंच बोलल्या. गाडी वळल्यावर मी जिना चढून वर आले. खरं सांगायचं तर मला पुन्हा त्या कोरडेपणाची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिवा लावला आणि देवीसमोर बसले. पहिली ओळ म्हटली. जितका वेळ अक्कांना ध्रुपदाला लागायचा, तितका वेळ थांबले. घर शांत होतं, फ्रीज घरघरत होता. त्या शांततेत मी काही मागितलं नाही, कोणी ऐकतंय याची खूणही मागितली नाही. तिने ती एकदा दिली होती, आणि प्रत्येक ओळीला पावती मागणारी मी कोण? माझ्याकडे ओळ म्हणणं आहे. ती कोण उचलेल, केव्हा उचलेल, कुठल्या मजल्यावरून उचलेल, हे तिचं काम. एवढं तिच्यावर सोपवल्यावर मला फार हलकं वाटलं. घसा आवळला नाही. मी दुसरी ओळ म्हटली.