बशीतले तरंग

लक्ष टिकावे म्हणून डॉक्टरांनी नव्याने दिलेली गोळी घेऊन तासभर झाला आणि हातातल्या बशीत चहावर बारीक तरंग उठू लागले. घरात बाकी काहीच हलत नव्हते. छाती मात्र धडधडत होती. मन जागेवर आणू पाहणाऱ्या माणसाचे अंगच असे ताब्यातून सुटू लागले, तर त्याने आधार धरायचा कशाचा?

आईने माझे हात पाहिले. “अशक्तपणा आलाय रे! थांब, कडक चहा टाकते.”

घरातला पहिला पदवीधर मी. तिला अभिमान असलेल्या या डोक्याला औषध लागते, हे तिला अजून सांगितलेले नाही. गोळी चालू असताना चहा वाढवू नका, धडधड वाढेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

“घे, गरम आहे तोवर.”

नको म्हटले, तर ती कारण विचारील. मी कप ओठांना लावला.